शहाण्णव टक्के

मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात माणसाला शिष्टपणा चढतो. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच दोष आपल्याला कळलाय असं वाटायला लागतं. माझं तसंच झालं होतं आणि ते मामांना भोवलं.

मामा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, आम्ही सांडलेलं निमूट पुसलं. प्रयोग कर म्हणून त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. ते निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत मामींचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायला विसरल्या, मग नातेवाईक विसरल्या, मग मामांना.

दुकानात मामा आले ते चार्जिंगची तक्रार घेऊन. "दिवसभर वायर लावून ठेवतो रे, पण बॅटरी चढायचं नाव घेत नाही. उलट उतरतेच."

मी वायर बदलून दिली. आठवड्याने पुन्हा हजर, मग चार्जर बदलला. तिसऱ्यांदा आले तेव्हा फोन हातात धरवत नव्हता, आणि माझं डोकं फिरलं.

"मामा, फोनवर बोलता की पाणी तापवता?"

ते हसले. "बघ तूच. मी समोरून हिच्या गोळ्या घेऊन येतो."

फोन तपासला तर एक अनोळखी ॲप बॅटरीचा फडशा पाडत होतं. चार्जर भरत होता त्याहून ते जास्त खात होतं. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये असलं काहीबाही शिरलेलं असतंच. विचारायची तसदी कोण घेतो? मी ते उडवून टाकलं. मामा येईपर्यंत फोन गार झाला होता, बॅटरी चढायला लागली होती. मी मोठ्या ऐटीत तो त्यांच्या हातात ठेवला.

मामांनी चष्मा लावला. पडदा इकडे तिकडे सरकवून पाहिला. "इथे एक चित्र होतं."

"ते काढलं मी. तेच बॅटरी खात होतं."

ते स्टुलावर बसले. मग मला सगळं समजावून सांगायला लागले, अगदी सावकाश. जगभरचे लोक आपापल्या फोनची रिकामी ताकद शास्त्रज्ञांना देतात. मामींच्या आजारावर संशोधन चालू आहे, त्याची गणितं तुकड्यातुकड्याने अशा फोनांवर सुटतात. ॲप त्यांच्या भाचीने घालून दिलं होतं. आलेलं गणित मुदतीत पुरं व्हावं लागतं. पण गणित सुरू झालं की फोन तापायचा, तापला की चार्जिंग मंदावायचं, आणि बॅटरी नव्वदच्या खाली आली की गणित थांबायचं. अकरा गणितं अशी मुदत उलटून फुकट गेली होती. बाराव्यासाठी तीन आठवडे मामा फोन पालथ्या ताटावर ठेवून पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते.

"ही विचारायची, ताप आलाय का त्याला? मी म्हणायचो, हो."

ॲपबरोबर मी ते बारावंही पुसून टाकलं होतं. "किती झालं होतं?" मी विचारलं.

"शहाण्णव टक्के. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत होती." गोळ्यांच्या पिशवीला ते उगाच गाठ मारत राहिले. "हिला त्याचा उपयोग नाही, ते कळतं मला. पण एक तरी वेळेत पोचावं, एवढंच होतं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "तुझा काही दोष नाही," म्हणाले आणि गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस कामात लक्ष लागेना. शेवटी तेच ॲप माझ्या फोनवर घेतलं. त्यात कामाचा जोर कमी करायची सोय होती. जोर कमी ठेवला की फोन कोमट राहतो, बॅटरीही भरलेली राहते, गणित हळू पण न थांबता चालतं. पाच मिनिटांचं काम. पहिल्याच दिवशी मी तोंडाने विचारलं असतं तर मामांची गणितं पोचली असती.

दुपारी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेलो. टेबलावर ताट तसंच पालथं होतं, शेजारी पुठ्ठा. मामी खिडकीपाशी बसल्या होत्या. फोन त्यांच्या मांडीवर होता, रुमालात गुंडाळलेला.

"मामा, ॲप पुन्हा घालून देतो. आता तापणार नाही," मी म्हणालो.

मामांचा चेहरा उजळला. फोन घ्यायला त्यांनी हात पुढे केला तशी मामींनी तो छातीशी धरला.

"ताप उतरलाय त्याचा," त्या मला हळूच म्हणाल्या. मग मामांकडे बोट दाखवलं. "हे गृहस्थ कुणाचे कोण, पण सारखे वारा घालत बसायचे. आता उठवू नका त्याला."

मामांनी हात मागे घेतला.

"राहू दे," ते मला म्हणाले.

त्यांनी टेबलावरचं ताट उचललं, नळाखाली धरून स्वच्छ धुतलं, पुसलं आणि मांडणीत जागच्या जागी लावून ठेवलं.