भावाने मागवलेली डिस्क

माझ्या भावाच्या नावाने जपानहून पार्सल आलं तेव्हा तो घरातच होता. खोक्यावर त्याचंच नाव होतं, आमच्या खराडीच्या फ्लॅटचा पत्ता होता. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, हे मी मागवलंय?"

"हो. आजारी पडायच्या आधी."

"काय आहे आत?"

"सिनेमाची डिस्क. आपण दोघं एक जपानी सिरीज बघायचो, तिचा सिनेमा."

"चांगली होती का?"

ती सिरीज बघताना तो माझ्याशेजारी बसून रडला होता, आणि आता एखाद्या नव्या हॉटेलाबद्दल विचारावं तसं विचारत होता.

त्याच्या मेंदूला सूज आली होती. आधी दोन दिवस ताप आला, मग तो काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आले तर त्याने मला ओळखलं नाही. बरेच दिवस तो आयसीयूत होता. आई गावाहून आली ती तेव्हापासून इथेच राहिली. तो वाचला, चालायला लागला, जेवायला लागला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मात्र आजारपणाच्या आधीची दोनेक वर्षं त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. लहानपण होतं, शाळा होती, इंजिनिअरिंगसाठी पुण्याला माझ्याकडे राहायला आला ते होतं. त्यानंतरचं काही नव्हतं. थोडंफार परत येईल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. तो 'कदाचित' आम्ही घरी घेऊन आलो.

नेमकी त्याच दोन वर्षांत आमचे बाबा गेले होते.

हॉस्पिटलमध्ये नीट शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं तेच विचारलं, "बाबा नाही आले?" मी सांगितलं. तो रडला, झोपला, आणि उठल्यावर त्याने पुन्हा तेच विचारलं, कारण त्या दिवसांत नवीन सांगितलेलंही त्याच्या डोक्यात टिकत नव्हतं. दुसऱ्यांदा सांगायचं माझ्याने झालं नाही. आई पुढे झाली आणि म्हणाली, "गावाले हायत." मग तो सुधारला, सांगितलेलं लक्षात राहायला लागलं, तेव्हा एका सकाळी आम्ही दोघींनी त्याच्या दोन बाजूंना बसून त्याला पुन्हा सांगितलं. आमचं रडणं दीड वर्षापूर्वी होऊन गेलेलं होतं. त्याचं त्या दिवशी सुरू झालं. घरात एकजण नव्या दुःखात आणि दोघीजणी जुन्या, असे आम्ही बरेच दिवस राहिलो.

ती सिरीज आम्ही बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पाहिली होती. तेरावं उरकून पुण्याला परत आल्यावर तो बोलायचाच बंद झाला होता. कॉलेजला जायचा, नारायण पेठेत जपानी भाषेच्या क्लासला जायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. एका रविवारी मी पोहे करत होते, तेव्हा त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "बघतेस का?" मला कार्टूनची आवड नव्हती. तरी बसले.

गोष्ट अशी होती. डोंगरातली एक छोटी रेल्वे बंद होणार आहे. वरच्या गावांत आता कोणी राहायचं नाही, असं ठरलंय. एक म्हातारा ड्रायव्हर आणि एक तरुण मुलगी शेवटची गाडी घेऊन एकेका स्टेशनावर जातात आणि उरलेल्या माणसांना खाली आणतात. प्रत्येक भागात एक स्टेशन. कोणाला यायचं असतं, कोणाला नसतं. एक आजीबाई कोंबड्यांना सोडून यायला तयार नसते, तर अख्खा भाग त्या कोंबड्या पकडण्यात जातो. आम्ही दर रविवारी एक भाग बघायचो. बाबांबद्दल आम्ही अवाक्षर काढत नव्हतो, पण त्या ड्रायव्हरच्या खोकल्याबद्दल तासभर बोलायचो.

अशी सिरीज गाजली की तिकडे तिच्यातलेच प्रसंग निवडून, जोडून, मधे थोडी नवी चित्रं घालून दोन तासांचा सिनेमा काढतात. थिएटरात लावतात आणि काही महिन्यांनी त्याची डिस्क विकायला येते. हा सिनेमा आपल्याकडे लागला नव्हता. भावाने डिस्क आधीच मागवून ठेवली होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरं येणार नव्हती, नुसतं जपानी. तेच त्याला हवं होतं. "खाली काही न वाचता बघायचं," असं म्हणाला होता. भाषेची एक परीक्षा तो तेव्हा पास झाला होता आणि पुढच्या पातळीची तयारी करत होता.

आता हातात डिस्क होती आणि ती लावायला घरात काही नव्हतं. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "नाही. मी मागवलंय म्हणजे मला बघायचं असणार." आजारपणानंतर कशाचा तरी हट्ट धरायची ती त्याची पहिलीच वेळ, म्हणून आम्ही डिस्क लावायचा प्लेअर शोधायला निघालो.

रामवाडीहून मेट्रोने गेलो. गाडी बदलली, जमिनीखालून बुधवार पेठेत उतरलो आणि सरकत्या जिन्याने वर आलो. समोर ओळखीचा रस्ता, ओळखीची दुकानं, दगडूशेठकडे निघालेली गर्दी. तो तिथेच थबकला.

"ताई, हे स्टेशन इथे कधी झालं?"

"झालं की. उद्घाटन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तू आणि मी आलो होतो बघायला."

तो मागे वळून जिन्याकडे बघत राहिला. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. मी त्याचा हात धरला. एवढा मोठा मुलगा, पण त्याने तो सोडवून घेतला नाही.

पहिल्या दोन दुकानांत आम्हाला हसले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी चष्मा वर करून डिस्क पाहिली. "डिस्क लावायचीय? मग ग्रामोफोनही काढून ठेवू का?" मी ओशाळले. मग त्यांनीच सांगितलं की इथे मिळणाऱ्या प्लेअरवर जपानची डिस्क चालत नाही, सगळ्या देशांच्या चालतील असा एक जुना आहे, पण परत घेणार नाही. "घरी नेऊन चालला नाही, असं सांगायला येऊ नका. आत्ताच लावून बघा." लावून बघितला. दुकानातल्या छोट्या पडद्यावर बर्फातून जाणारी गाडी दिसली, आणि काकांनी बंद करण्याआधी मिनिटभर ती बघितली.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. आई खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला सिनेमाशी देणंघेणं नव्हतं, पण मुलगा काय बघतो ते बघायचं होतं. खाली अक्षरं नव्हती, त्यामुळे मी मधूनमधून गोष्ट सांगत होते. ही अमुक, हा तमुक, हे आता इथून निघणार. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की सिनेमा भराभर पळतोय. आम्ही ज्या स्टेशनावर एक अख्खा रविवार काढला होता, ते खिडकीतून येऊन जात होतं. कोंबड्यांच्या आजीबाईंचं तर काहीच नव्हतं. डब्याच्या खिडकीत एक कोंबडी दिसली आणि गेली. मी म्हटलं, "अरे, हिची केवढी मोठी गोष्ट होती!"

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो पडद्याकडे बघून हळूच म्हणाला, "ती म्हणतेय, सामान कमी घ्या, जागा माणसांना लागेल."

"तुला कळतंय?"

"सगळं नाही. थोडं थोडं." मग जरा घाबरूनच म्हणाला, "मला हे कसं कळतंय, ताई?"

"तू शिकला होतास."

क्लास त्याला आठवत नव्हता, बाई आठवत नव्हत्या, परीक्षा आठवत नव्हती. शिकलेलं मात्र कुठेतरी राहिलं होतं. आई शेंगा ठेवून त्याच्याकडे बघत होती. त्यानंतर मी गोष्ट सांगायची थांबले, आणि जेवढं कळेल तेवढं तोच आम्हाला सांगायला लागला.

मग ड्रायव्हरच्या मरणाचा प्रसंग आला. सिरीजमध्ये त्याला दोन भाग दिले होते. तो कसा आजारी पडतो, मुलगी त्याच्या उशाशी बसून गाडी कशी चालवायची ते कसं विचारून घेते, तो मधेच तिच्यावर कसा चिडतो. सिनेमात त्याचा हात दिसला, खुंटीवरची टोपी दिसली आणि पुढच्याच दृश्यात गाडी मुलगी चालवत होती.

भावाने रिमोट दाबून सिनेमा थांबवला. "झालं? गेला तो?"

"हो. सिरीजमध्ये खूप होतं रे. इथे कापलंय."

"सांग ना."

मी आठवेल तेवढं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबांचं पण मला एवढंच माहितीये. छातीत दुखलं, अमरावतीला नेलं, पहाटे झोपेत गेले. तू पण एवढंच सांगतेस. त्याच्या मधलं कापलेलं सांग."

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

ते खरंच होतं. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा हा सुट्टीला घरी होता. आईचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून ती घरी राहिली. मी पुण्याहून बसने निघाले होते आणि पोचायच्या आत सगळं संपलं होतं. बाबांजवळ शेवटपर्यंत होता तो फक्त हा. त्या सकाळी हॉस्पिटलच्या दारात मला मिठी मारून तो म्हणाला होता, "ताई, त्रास नाही झाला. झोपेतच गेले." मी पुढे विचारलं नाही, त्याने पुढे सांगितलं नाही. आणि आता जे काही घडलं होतं, ते त्याच्या डोक्यातून गेलं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. "तूच एकटा होतास तिथे," मी म्हटलं. "आम्हाला माहीत आहे ते तूच सांगितलेलं."

पडद्यावर ती मुलगी अर्ध्या वळणावर थांबलेली होती.

आई म्हणाली, "मले माहीत हाय."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तूच सांगतलं होतं मले. तेराव्याच्या आदल्या दिवशी, सैपाकघरात बसून. अन् म्हणाला होता का ताईले सांगू नको."

"काय सांगू नको?" मी विचारलं.

"हेच, का ते झोपेत नाही गेले."

ती शेंगांचं ताट बाजूला सरकवून सांगायला लागली. मधे थांबत होती, पण आवाज चढला नाही की फुटला नाही. "जागेच होते. श्वास पुरत नव्हता त्याईले. पाय थंडे पडले होते, तू चोळत होता. चहा मागतला त्याईनं. सिस्टर नाही म्हणाली, मंग तू चमच्यानं पाणी पाजलं. मंग म्हणे, माह्या चपला खाटेखाली सरकव, कोणी नेईन."

भाऊ हसला. बाबांचं ते तसंच होतं. देवळातही त्यांचं अर्धं लक्ष चपलांकडे असायचं. हसता हसता त्याने तोंड हाताने झाकलं.

"मी घाबरलो होतो का?" त्याने विचारलं.

"हो. लय घाबरला होता. पण त्याईले दिसू नाही देलं, असं तू सांगतलं."

"मग?"

"मंग त्याईनं ताईचं विचारलं. तू म्हटलं, निघाली हाय. तं म्हणे, तिले फोन करून सांग का घाई करू नको, झोपून ये म्हणाव."

आता माझी पाळी होती. त्या प्रवासात, जालन्याच्या अलीकडे कुठेतरी, भावाचा फोन आला होता. बाबा कसे आहेत, मी विचारलं. तो म्हणाला, "आहेत. ताई, घाई करू नको. झोपून ये." मी चिडले होते, म्हटलं, झोप कशी लागेल मला? हे शब्द त्याचे आहेत असंच मी इतके दिवस समजत होते.

"याचा हात धरला होता त्याईनं," आई म्हणाली. "सुटला तवा याले समजलं."

मी रडले, जरा मोठ्यानेच. भाऊ नाही रडला. तो आईच्या शेजारी खाली जाऊन बसला आणि एकेक गोष्ट पुन्हा विचारायला लागला. कुठला हात? पाणी किती घोट प्यायले? मी कुठे उभा होतो? आईला माहीत होतं तेवढं तिने सांगितलं. जे माहीत नव्हतं, तिथे "ते नाही सांगतलं तू" एवढंच म्हणाली. मनाने काही जोडलं नाही. सिनेमाचा उरलेला भाग आम्ही संध्याकाळी चहा झाल्यावर पाहिला, आणि आईने कोंबडी खाली पोचली का तेवढं विचारलं.

त्यानंतर तो पुन्हा क्लासला जायला लागला, खालच्या वर्गापासून. कॉलेजचं एक वर्ष गेलं, ते गेलंच.

यंदा बाबांच्या श्राद्धाला आम्ही तिघंही गावी गेलो. जेवणं झाल्यावर ओसरीवर मोठे काका त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, "माहा भाऊ गेला तवा तूच होता नं जवळ? आम्ही कोणी कधी इचारलंच नाही तुले." मी पाणी द्यायच्या निमित्ताने पुढे झाले, विषय बदलावा म्हणून. त्याने मला हातानेच थांबवलं.

मग त्याने सांगितलं. पाय थंड पडले होते, मी चोळत होतो. चहा मागितला, मी चमच्याने पाणी दिलं. सगळं 'मी' म्हणून, शांतपणे, एकही गोष्ट न गाळता. काका मान खाली घालून ऐकत होते. आई दारात उभी होती. शेवटी तो म्हणाला, "खिडकी बंद होती, बाबा म्हणाले उघड. मी उघडली, तेव्हा बाहेर उजाडायला लागलं होतं."

खिडकीचं आईने कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. त्याला ते आठवलं होतं की सांगता सांगता सुचलं होतं, हे आम्ही दोघींनीही त्याला विचारलं नाही. काकांनी उपरण्याने डोळे पुसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.