अंगरख्याचा पुरावा

म्हैसूरमधल्या चामराजपुरमच्या त्या शिंप्याचं नाव मला माहीत नाही. मोबाइलवर लिहितानाही त्याचा पाय हलत राहायचा आणि शिलाई मशीन रिकामंच धावायचं. ऑनलाइन ज्ञानकोशात म्हैसूरच्या मराठी शिंप्यांवरचं पान तो लिहीत होता.

"माझ्या विद्यार्थ्यांनी तिथून काही उचललं, तर मी मार्क कापतो," मी प्राध्यापकी तोऱ्यात सांगितलं.

तो गालात हसला. "आमच्या पणजोबानं राजाचा दसऱ्याचा अंगरखा शिवला, असं घरात बोलायचे, सार. तेवढं तिथं लिहिलं, तर पुरावा मागितला. कुठून आणू? मग कॉलेजच्या एका पोरीनं तेच वाक्य उचलून प्रोजेक्टमध्ये घातलं. तो प्रोजेक्ट कॉलेजच्या वेबसाइटवर आला. हे नोडी, बघा." त्यानं मोबाइल पुढे केला. "आता पानाच्या खाली तिचाच प्रोजेक्ट पुरावा म्हणून दिलाय."

"पण अंगरखा खरंच शिवला होता का?"

त्यानं माझ्या पँटचा दोरा दातानं तोडला. "आता शिवलाच की, सार. प्रोजेक्टवर प्रोफेसरांची सही आहे."

कुठलं कॉलेज, ते मी विचारलं नाही. पँट घेतली आणि निघालो.