वनादादाला आणायची बोट

अभिमन नाना पहिल्यांदा आमच्या शेडवर आला तेव्हा मी त्याच्या अंगावर खेकसलो होतो. धुळ्याला आग्रा रोडला चांद मिस्तरीची आणि माझी शेड एकाच पत्र्याखाली होती. चांद कूलरच्या फायबरच्या बॉड्या करायचा, मी रिक्षा-ट्रकच्या सीटा शिवायचो. त्याच्या घासकामाची भुकटी माझ्या रेक्झिनवर बसायची आणि त्यावरून आमचं रोज वाजायचं. त्यात होळीनंतरच्या एका दुपारी हा माणूस ट्रॉलीवर अख्खी मोटारबोट घेऊन आला आणि ती नेमकी माझ्या दारात उतरवली. मी म्हटलं, इथे नळाला पाणी येईना, आणि तुम्ही बोट कसली आणता?

त्याला राग आला नाही. टोपी सरळ केली, बोटीच्या कडेवर हात ठेवला आणि हिला बरं करायचं आहे म्हणाला, जणू म्हैस आणली होती दवाखान्यात. बुटका, काळा, रुंद पावलांचा माणूस. बोलताना समोरच्याकडे कमी आणि बोटीकडे जास्त बघायचा.

बोट धरणाच्या खात्याची. साहेबलोक पाणी बघायला यायचे तेव्हा नाना ती चालवायचा. पुढे साहेबांचं येणं थांबलं, बोट विश्रामगृहाच्या मागे पडली, तिच्यात चार पावसाळ्यांचं पाणी साचलं आणि शेवटी ती भंगारात निघाली. नानाने ती भंगारवाल्याकडून सोडवून आणली. इंजिन तेवढं त्याने आधीपासून स्वतःच्या घरी तेलपाणी करून जपलं होतं. ते चालू होतं.

बाहेरून बोटीला काही झालेलं नव्हतं. पाणी मारून पुसली तर पांढरी स्वच्छ निघाली. सीटांचं माप घ्यायला मी आत चढलो, आणि तळाच्या फळीतून माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. प्लायवूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं झालं होतं. त्याखालच्या फोमचा तुकडा पिळला तर पाणी निघालं. तळाला आडवे-उभे वासे होते त्यांचा काळा लगदा झालेला, आणि मागे जिथे इंजिन अडकवतात ती फळी चांदने नखाने उकरून दाखवली. आतलं सगळं काढावं लागेल, नुसतं टरफल कामाचं आहे, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, भंगारवाल्याला परत द्या. नाना म्हणाला, "भाऊ, माले मना दादाले आनानं शे."

दादाला कुठून आणायचं आणि का, त्यावर त्याने जे सांगितलं ते मी तुम्हाला सरळ सांगतो. धरण झालं तेव्हा गाव उठलं. नानाने अलीकडच्या काठावर नव्या गावठाणात प्लॉट घेतला. थोरला भाऊ वना पलीकडेच उंचावरच्या शेतात घर बांधून राहिला, आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी बरेचसे त्याच्याबरोबर. घरात पाणी शिरलं त्या दिवशी नानाने देव उचलले आणि कुळदेवी कानबाईचा पाट स्वतःकडे नेला. थोरल्याला न विचारता. वनादादा त्यावर बिघडला तो बिघडलाच. कानबाई बसेल तेव्हाच तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवीन, एरवी नाही, असं तो सगळ्यांदेखत बोलून गेला.

आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. श्रावणात रविवारी ती बसते, सोमवारी नदीवर जाते. घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून रोट होतात, आणि ते फक्त घराण्याने खायचे. सुरतेला गेलेला पोरगा त्या दिवशी परत येतो, कोर्टात भांडणारे भाऊ एका पंक्तीला बसतात. वनादादाही यायचा. दर श्रावणात नाना खात्याची बोट घेऊन पलीकडे जायचा आणि भावाला घेऊन यायचा. दोघं वाटेत बोलायचे नाहीत म्हणे, पण यायचे. बोट बंद झाली तसं तेही बंद झालं, कारण श्रावणात पलीकडच्या रस्त्यावरची फरशी, नाल्यावरचा तो बुटका पूल, पाण्याखाली असते.

नाना आमच्याकडे आला त्याआधीच्या हिवाळ्यात वनादादाला लकवा मारला. उजवं अंग गेलं. त्याने निरोप धाडला, औंदा कानबाईले माले लई जाय, घेऊन जा. रस्ता सुरू होता तेव्हाच नाना बैलगाडी घेऊन दोनदा गेला, पण म्हातारा कानबाईआधी हलायला तयार नाही. दिलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. कोळ्यांचा डोंगा होता, पण श्रावणातल्या वाऱ्यात खाटेवरचा माणूस डोंग्यातून कोण आणणार? तेव्हा राहिली ही बोट. मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला होता, अजूनही येतो. असला कसला शब्द?

आता यातली खरी अडचण ऐका. अख्ख्या धुळ्यात फायबरचं असलं काम जाणणारा आमच्या माहितीत चांद एकटा, आणि चांदचा धंदा कूलरचा. चैत्र ते ज्येष्ठ त्याच्या दारात लोक भांडायचे. त्या तीन महिन्यांत तो वर्षाचं कमवायचा, त्यात बोट कुठे बसवणार? फायबरचं काम कोरड्या उन्हात पक्कं होतं, आणि कोरड्या उन्हात चांदला मान वर करायला सवड नाही. सवड मिळणार ती पाऊस पडून कूलर बंद झाल्यावर. नानाने एकदाही घाई केली नाही. एस्टीने यायचा आणि खुरप्याने बोटीतला कुजका माल स्वतःच काढत बसायचा. फायबरच्या काचेने त्याचं अंग लालबुंद व्हायचं. चांदची बायको साबेरा आतून खोबरेल पाठवायची. शेवटी बोट आतून खरवडून इतकी साफ झाली की हाक मारली तर घुमायची.

नवे वासे नानाने स्वतः आणले. बाभळीचे, वजनदार, सरळ. मोठ्या अभिमानाने त्याने ते माझ्यासमोर आपटून दाखवले. हे लाकूड दोन वर्षं डोहात बुडवून ठेवलेलं होतं. आमच्याकडे गाडीच्या चाकाला लागणारी बाभूळ अशीच पाण्यात मुरवतात. तिला कीड लागत नाही, ती चिरत नाही, आणि बापजाद्यांच्या गाड्या त्यावर चालल्या. मीही मान डोलावली. गाडीचं लाकूड पुढे उघड्यावर वाळतं आणि बोटीचं फायबरखाली कोंडलं जाणार, हे ना माझ्या डोक्यात आलं ना त्याच्या. उन्हात टाकलं होतं, वरून खडखडीत वाजत होतं.

आषाढात चांद मोकळा झाला. त्याने वासा कापला तर आतून ओल. दोनशेचे बल्ब लावले, शेगड्या पेटवल्या, मी माझी ताडपत्री दिली. बाहेर झड लागलेली. फायबरचं रसायन वाळायचं नाव घेईना, हात लावला की चिकटायचा. दुसरं कोरडं लाकूड आणू, पुढच्या चैत्रात करू, असं चांदने परोपरीने सांगितलं. मग हातातला ब्रश खाली ठेवून म्हणाला, "नाना, लाकूड गिलं आहे. मी वरून मढवून देईन, पण ते धरणार नाही."

नाना म्हणाला, "कानबाई मनाकरता थांबी का? दादा थांबी का?"

 चांदने ब्रश उचलला. मी त्याच्याशी दहा वर्षं भांडत आलो होतो, पण त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना. नको म्हणावं तर माणूस मोडतो आणि हो म्हणावं तर बोट मोडते, अशा कामाला हात लावायची पाळी कुणावर येऊ नये. मी माझ्या परीने एक लांब सीट शिवली, काथ्या भरून, लाल रेक्झिनची. लकव्याच्या माणसाला आडवं होता येईल अशी.

शनिवारी बोट धरणावर नेली. मी आणि चांद दोघंही गेलो. रोटाचा घास आम्हाला मिळायचा नव्हता, तरी गेलो. नारळ फोडला, बोट पाण्यात सोडली आणि ती तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानाने काठाकाठाने एक फेरी मारली तेव्हा तो दहा वर्षांनी लहान दिसत होता. वाळूची पोती टाकून एक दिवस बघू, असं चांद म्हणाला, पण दिवस होताच कुठे? उद्या कानबाई बसणार.

रविवारी सकाळी नाना एकटाच निघाला. वारा कमी होता. अर्ध्यावर गेल्यावर इंजिनाचा आवाज जड झाला. चांदला आधी कळलं.  मागची फळी सुटत होती. बोटीचं नाक वर येत चाललं आणि मागची बाजू खाली. आम्ही काठावर दोन धडधाकट माणसं, आणि करण्यासारखं काही नाही. ओरडलो असतो तरी ऐकू गेलं नसतं. बोट हळूहळू पलीकडे सरकत राहिली आणि काठाजवळच्या गाळात बसली. एक ठिपका पाण्यातून चालत वर गेला. थोड्या वेळाने बोटीचं नाकही दिसेना.

नाना मला पुढे म्हणाला, मध्यावर पाणी घोट्याला लागलं तेव्हाच कळलं की ही एकच काठ गाठून देईल, हा नाहीतर तो. मग काय करायचं, भावाकडे गेलो.

इंदिराबाई, नानाची बायको, काठावर आली तेव्हा मला वाटलं ती आम्हाला बोल लावेल. लावला असता तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं की पोचले ना, आणि घरी जाऊन कानबाई बसवायला लागली. मुलगा सुरतेच्या कारखान्यात, त्याला रजा मिळाली नव्हती. नवऱ्याने भावाला आणायचं म्हणून एवढं केलं, आणि आता घराण्यातला एकही पुरुष कानबाईसमोर नव्हता. सोमवारी तिने स्वतः डोक्यावर कानबाई घेतली. शेजारच्या चार बाया, दोन वाजंत्री, आणि मागे आम्ही दोघं परके. पाण्यात शिरण्याआधी ती पलीकडे बघत जरा थांबली, एवढंच.

पलीकडे काय झालं ते नानाने मला दिवाळीच्या सुमारास सांगितलं. तोवर वनादादा जाऊन महिना झाला होता. फरशी उघडेपर्यंत नाना तिथेच राहिला होता. तो पोचला तेव्हा दादाला ताप होता, नजर गेल्यासारखी झाली होती आणि माणसं ओळखू येत नव्हती. कुणीतरी सेवा करायला आलेला गडी आहे असं समजून तो त्याच्या हातून पाणी प्याला. नानाने सांगून बघितलं, दादा, मी अभिमन. ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

सोमवारी वाजंत्रीचा आवाज पाण्यावरून आला तेव्हा मात्र दादा हलला. नानाने भाऊबंदांना खाट उचलायला लावून बांधावर आणली. पलीकडच्या काठावर हालणारे थोडे रंग दिसत होते, दादाला तेही दिसत नव्हते.

"बठ्ठा उनात का?" सगळे आले का, असं दादाने विचारलं.

"बठ्ठा उनात."

"अभिमन शे का तठे?"

नाना म्हणाला, "शे. बठ्ठासना पुढे तोच शे."

म्हाताऱ्याचा चेहरा मोकळा झाला. चांगला हात त्याने खाटेवर आपटला. "मंग तो माले लेवाले येईच," म्हणाला.

अभिमन न्यायला येईल, यालाही नानाने हो म्हटलं.