अजून थोडं थांब, वहिनी

माझ्या वहिनीची बोटं माझ्या जिभेपेक्षा भरभर चालतात, आणि माझी जीभ किती चालते ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं तिनं एका वकिलांच्या कचेरीत टायपिंग केलं. वकील थकले, कचेरी बंद झाली, आणि निरोपाच्या दिवशी त्यांनी तिला तिथला जुना लॅपटॉप देऊन टाकला. तेव्हापासून ती घरीच काम करते. लोक तिला आपल्या बैठकांचं रेकॉर्डिंग पाठवतात, ती कानाला हेडफोन लावून ऐकते आणि शब्द न् शब्द टाइप करून देते. कुणी खोकलं तर कंसात ‘खोकला’ असं लिहिते. एखादा शब्द चार वेळा ऐकूनही कळला नाही, तर अंदाजानं काही ठोकून देत नाही. कंसात सरळ ‘ऐकू आलं नाही’ असं लिहून पुढे जाते. मी एकदा तिला म्हटलं, “अगं, लिही काहीतरी, कोण तपासतंय?” तर म्हणाली, “नाही आलं ऐकू, तर नाही आलं. त्यात काय लाजायचं?”

लाजायचं काय ते मला विचारा.

मी दादाच्या घराच्या खालच्या मजल्यावर एकटाच राहतो. सव्वीस वर्षं एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात होतो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की पाठ झालंय, आणि ते खोटंही नाही. फक्त अर्धं आहे. विभागाला एक लांबट, बिनखिडकीची खोली होती. तिथे प्रिंटरची शाई, कागदांचे गठ्ठे आणि वायरींची भेंडोळी असायची. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. कोण काय घेऊन गेलं ते वहीत लिहायचं आणि सही घ्यायची, हे माझं काम. पण घरात सगळे शिक्षक नाहीतर दुकानदार, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी. दादा शेजाऱ्यांना सांगायचा, “आमचा धाकटा कॉम्प्युटरमधला.” कुणाचा मोबाईल अडला की मला बोलावणं यायचं. मी तो बंद करून पुन्हा चालू करायचो, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागायचं. उरलेल्या निम्म्या वेळा मान हलवून म्हणायचो, “कंपनीचाच दोष आहे.” झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन वर्षांपूर्वी ती खोलीच गेली आणि तिच्याबरोबर मीही गेलो. बावन्न वर्षांचा माणूस सकाळी आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसायचा आणि मग करायला काही नसायचं. कुणी साधं किती वाजले म्हणूनही विचारत नव्हतं. दहाला वहिनीकडे वर चहाला जायचं, एवढंच काय ते कचेरीला गेल्यासारखं.

वहिनीचा लॅपटॉप म्हणजे एक प्रकरणच होतं. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे वायर निघाली की दिवा विझावा तसा तो विझायचा. झाकणाची बिजागरी तुटलेली. झाकण एका ठरावीक कोनात पुढे झुकवलं तरच पडद्यावर काही दिसायचं. म्हणून तिनं मागे कायद्याची दोन जाड पुस्तकं लावून झाकण त्यांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं अडकवलं होतं. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग या मांडणीनं अडलेला असायचा. उरलेल्या अर्ध्यावर दादा आणि ती जेवायची. पडदा पुढे झुकलेला, म्हणून वहिनीही दिवसभर मान वाकवून. संध्याकाळी ती उठायची तेव्हा आधी हातानं मान धरून ती सरळ करायची.

अशात तिला एका कॉलेजमधून विचारणा झाली. तिथे एक मुलगी होती, तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. वर्गात तिच्या शेजारी बसायचं, शिक्षक बोलतील ते लगेच टाइप करायचं आणि मुलीनं ते पडद्यावर वाचायचं. रोजचं काम, आणि परीक्षेपर्यंत नक्की. वहिनी इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, “भाऊजी, आजपर्यंत मी टाइप केलेलं कुणीतरी पुढच्या आठवड्यात वाचायचं. ही तेव्हाच वाचणार.” पण त्यासाठी उचलून नेता येईल असा लॅपटॉप हवा. तिनं पैसे बाजूला काढूनच ठेवले होते. कॉलेजला परीक्षेआधीच्या सत्रासाठी तीन महिन्यांनी सुरुवात करायची होती, म्हणजे घाई नव्हती. फक्त कोणता घ्यायचा आणि आत्ता घ्यायचा का, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

तिनं एका कागदावर सात प्रश्न लिहून आणले होते. स्वच्छ अक्षरात, आकडे घालून. मी चष्मा लावून वाचले. सातातला एकच मला कळला, वजन किती असावं तो. “दीड किलोच्या आत बघ,” मी म्हणालो. मग कागदाची घडी घालून तिला परत दिली आणि म्हटलं, “पण आत्ता घेऊ नकोस. नवीन येतायत. अजून थोडं थांब, वहिनी.”

नवीन येतायत हे मला कसं कळलं? सकाळी केस कापायला गेलो होतो, तिथल्या पेपरात जाहिरात होती.

मग दर आठवड्याला मी वर जाऊन थांबण्याचं एक नवीन कारण द्यायचो. भाव उतरणार आहेत. पहिल्या खेपेचा माल कच्चा असतो. आतला भाग बदलणार आहेत, बघ. उंटावर बसून शेळ्या हाकायला काय जातं? दादा एकदा कुरकुरला, “घेऊ दे की तिला, मान मोडायची वेळ आलीय.” वहिनी म्हणाली, “भाऊजींनी सांगितलंय ना थांबा म्हणून.” हे ऐकून माझी छाती फुगली, हे मी आज लिहितोय आणि लिहिताना कान तापतायत.

तीन महिने असेच संपत आले. कॉलेजच्या समन्वयक बाईंचा फोन आला, गुरुवारी अकराला एक तास करून बघू. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. “जुनाच ने,” मी म्हणालो. “मी येतो बरोबर. तांत्रिक बाजू मी सांभाळतो.”

तांत्रिक बाजू म्हणजे एका पिशवीत लॅपटॉप, दुसरीत कायद्याची दोन पुस्तकं, लांब वायर आणि चिमटा. त्या पिशव्या घेऊन मी वर्गात शिरलो. प्लग मागच्या भिंतीला होता. मुलीनं ते पाहिलं आणि काही न विचारता आपलं बाक स्वतः ओढत भिंतीशी आणलं. वहिनीनं पुस्तकं लावली, चिमटा लावला, मान वाकवली. शिक्षक भूगोलाचे होते. नदी गाळ कुठे टाकते, ते सांगत होते. ते बोलायचे आणि ते वाक्य संपेपर्यंत पडद्यावर उमटलेलं असायचं. मुलगी वाचत होती, वहीत टिपत होती. मध्येच सर म्हणाले, नदी म्हातारी झाली की तिलाही चढ झेपत नाही, माझ्यासारखंच. वर्ग हसला. आणि मुलगीही हसली, सगळ्यांबरोबर, त्याच वेळी. वहिनीनं एक क्षण वर बघितलं आणि परत टाइप करू लागली.

मी मागे उभा होतो. मला काहीच करायला नव्हतं. झाकण मला थोडं खाली आल्यासारखं वाटलं. खरं तर वाटलंही नसेल. तांत्रिक बाजू सांभाळायला आलेला माणूस अर्धा तास नुसता उभा होता, एवढंच खरं. मी पुढे झालो, झाकण नीट करायला हात घातला आणि माझा पाय वायरीत अडकला. वायर निघाली. पडदा काळा झाला.

तो लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची. वहिनीनं वायर लावली, पर्समधून पेन काढलं आणि हातानं लिहायला लागली. पण हात तो हात. सर दोन वाक्यं पुढे, ती दोन वाक्यं मागे. एवढ्यात सरांनी आणखी काही म्हटलं आणि वर्ग पुन्हा हसला. मुलीनं कागदाकडे पाहिलं, तिथे अजून गाळच चालला होता. मग तिनं इतरांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तीही हसली. उशिरा, कशाला ते माहीत नसताना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तास संपल्यावर समन्वयक बाई बाहेर भेटल्या. बोलणं अगदी गोड. “तुमच्या कामात काही म्हणायला जागाच नाही. पण परीक्षा तोंडावर आलीय, तिचा एकही तास असा बुडता कामा नये. आणखी एकजण आहे, तिला विचारते.” मग माझ्याकडे वळून, “आणि हे?”

“माझे दीर,” वहिनी म्हणाली. “कॉम्प्युटरमधले आहेत.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसलं असतं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दहाला मी वर गेलो नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. सोमवारी वहिनीच खाली आली, हातात तोच सात प्रश्नांचा कागद. घडीवर फाटायला आला होता. खुर्चीत बसली आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, “काय भाऊजी, आता घेऊ, का थांबू?”

मी तोंड उघडलं. सवयीनं काहीतरी येणारच होतं. मग म्हणालो, “वहिनी, मला यातलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. मी शाईचे डबे मोजायचो.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“सात प्रश्न विचारले होते. तुम्ही फक्त वजनाचं सांगितलंत.”

“मग थांबलीस कशाला?”

ती कागदाची घडी नीट करू लागली. “नोकरी गेल्यापासून तुम्ही दाढी करायचं सोडलं होतं. मी विचारायला लागल्यावर रोज दाढी करून वर यायला लागलात. म्हटलं, तीन महिने तर आहेत, शेवटच्या आठवड्यात घेऊ. मग त्याआधीच कॉलेजचा फोन आला. आणि तुम्ही म्हणालात, मी सांभाळतो. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं.” तिनं मान हातानं धरून सरळ केली. “तुमचं मन राखायला गेले मी. मध्ये ती मुलगी आहे हे धरलंच नाही. तुमच्याइतकीच लाज मला वाटतेय.”

मला वाटत होतं, मी तिला तीन महिने फसवलं. तिनं तर तीन महिने मान वाकवून मला सांभाळलं होतं, आणि मी रोज वर जाऊन तिचा चहा पिऊन तिला शहाणपण शिकवत होतो. मला रडू आलं. तिनं ते न पाहिल्यासारखं केलं.

त्याच दुपारी आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं वहिनीला सोडून मलाच विचारलं, “बोला सर, कशासाठी हवाय?” मी म्हणालो, “मला नाही कळत. यांना विचारा.” वहिनीनं कागद उलगडला. मुलीनं सातही उत्तरं दहा मिनिटांत दिली. कोणता आत्ता घ्यावा, तेही सांगितलं. तो गेल्या वर्षापासून दुकानात होता.

परत येताना खोकं माझ्या हातात होतं. दीड किलोच्या आतलंच. कॉलेज अजून सुटलं नव्हतं. कॉलेजच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर वहिनी थांबली आणि घड्याळात बघितलं. त्या मुलीच्या शेजारी आता ती दुसरी बाई बसत होती.

“भाऊजी, तिचा टायपिंगचा वेग बरा असेल ना हो?” वहिनीनं विचारलं.

“मला माहीत नाही, वहिनी,” मी म्हणालो.