डॉक्टर घरी नाहीत

फोन उचलला की आमची वच्छाआत्या ‘हॅलो’ म्हणत नसे. स्वतःचं नाव सांगत नसे, समोरच्याचं विचारत नसे. रिसीव्हर कानाला लावून एका दमात म्हणे, “डॉक्टर वारले. तुमच्या घरी कोन आजारी हाये?”

पलीकडे शिलाई मशीन विकणारा एजंट असो, चुकून लागलेला सरकीचा दलाल असो, नाहीतर अमरावतीहून तासभर ट्रंक कॉलची वाट पाहत बसलेले माझे वडील, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, असोत. वाक्य तेच. वडील एकदा इतके वैतागले, की आमच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, “वच्छे, मी दादा बोलून राहिलो! वारले ते मले मालूम हाये!”

“असू दे. कोनी आजारी हाये काय, ते सांग आधी.”

घरच्या लग्नाकार्यात पंगती उठल्या की मला या फोनची नक्कल करायला लावतात. मी करते. लोक पोट धरून हसतात, मीही हसते. ही सवय आत्याला कशी लागली, ते मात्र मी नकलेत घेत नाही. घेतलं तर त्यात माझंही काम येतं, आणि ते हसण्यासारखं नाही.

मी अकोल्याला आले ती मास्तरीण होऊन. वय वीस, नवीकोरी नोकरी, आणि जगातलं सगळं मराठी आपल्यालाच येतं असा समज. राहायला जठारपेठेत आत्याकडे. आत्याला मूलबाळ नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत डॉक्टरांचा दवाखाना, मागे संसार. ती त्यांना डॉक्टरच म्हणे. नवऱ्याचं नाव घेणं तिच्या पिढीत नव्हतं, त्यामुळे आम्हीही डॉक्टरच म्हणत असू.

मधल्या खोलीत स्टुलावर फोन होता, विणलेल्या झालरीखाली. मला त्याची भीती वाटे. घंटा वाजली की मी पदर सारखा करून उभी राहायची, जणू इन्स्पेक्टर वर्गावर आलेत. आत्या त्याला ‘बोंबल्या’ म्हणायची. “दारात आलेला मानूस दिसते तरी. हा बोंबल्या कोनाले घेऊन आला, मले काय मालूम!” नंबर फिरवायची तेव्हा सोय नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला माणूस बोले, आणि तो जोडून देई. पुष्कळ लोक नंबर सांगतच नसत. “जठारपेठेतल्या डॉक्टरसायबाकडे द्या,” एवढं म्हटलं की पुरे. दिवसपाळीला बहुतेक गवई नावाचे ऑपरेटर असत. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण आवाजानं ते घरचेच झाले होते.

मी आल्यानंतरच्याच पौषात डॉक्टर गेले. दवाखान्यात, खुर्चीत, एका पेशंटची नाडी पाहता पाहता. नाडी ज्याची पाहत होते, तो खडखडीत बरा झाला.

तेरावं झालं, पाहुणे गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. कंपाउंडर दुसरीकडे लागला. फोन मात्र वाजतच राहिला. गावातल्या पेशंटना कळलं होतं, त्यांचे फोन थांबले. उरले ते भलतेच. औषध कंपन्यांचे एजंट, विम्याचे एजंट, दवाखान्याचं टेबल विकणार का म्हणून विचारणारे, आणि एक महाभाग दर आठवड्याला, “साहेबांचा फोन सोडायचा विचार आहे का? आमचा अर्ज पडून आहे.” दिवसाला सात-आठ वेळा घंटा. दर वेळी आत्या हातातलं टाकून उठायची, रिसीव्हर कानाला लावायची, आणि पलीकडून ‘डॉक्टरसाहेब आहेत का’ आलं की गप्प. पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करून थकायचा.

कपाळ पांढरं झालेलं सगळ्या जठारपेठेनं पाहिलं होतं. पण तो शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं एकदाही उच्चारला नव्हता. ते तिच्यानं होत नव्हतं.

गवईंच्या हे लक्षात आलं. एकदा कॉल जोडण्याआधी तेच म्हणाले, “बाई, तुमची हरकत नसंल तं मीच सांगून देत जातो लोकाइले. तुमाले तरास नको.”

“नका जी,” आत्या म्हणाली. “माह्या घरचं मीच सांगीन.”

सांगितलं मात्र नाही. तेव्हा या मराठीच्या मास्तरणीनं तोड काढली. मी म्हटलं, “आत्या, एवढंच म्हणायचं, डॉक्टर घरी नाहीत. खोटंही नाही, आणि ते म्हणायलाही नको.” आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही मोठा ग्रंथच लिहिला होता. “शिकल्या पोरीचं डोकं!” म्हणाली. मी दोन दिवस तरंगत होते.

वाक्य तिच्या तोंडी असं बसलं की विचारू नका. हळूहळू तिला जोरही आला. विम्याचा एक एजंट फारच मागे लागला होता. घरी नाहीत तर कधी भेटतील, उद्या भेटतील का, परवा? आत्या शांतपणे म्हणाली, “तुमाले लईच घाई असंल तं तुमीच जा त्याइले भेटाले.” आणि रिसीव्हर ठेवला. डॉक्टर गेल्यानंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून हसली आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता माणसात आली.

एप्रिलची गोष्ट. शाळा सकाळची झाली होती. मी बाराच्या उन्हातून घरी आले तर आत्या म्हणाली, “एक नवीनच निंगाला. सकाळपासून दोन डाव झाला त्याचा फोन. डॉक्टर हायेत काय म्हन्ते, नाही म्हटलं का ठेवून देते.” आम्ही जेवायला बसलो तोच घंटा. मी उष्ट्या हातानं उठले.

“डॉक्टरसायब आले काय जी?” दबका आवाज.

माझं लक्ष पानावरच्या भातात. “नाही आले अजून,” मी म्हटलं.

“बरं बाई. थांबतो मंग.”

मी परत येऊन बसले आणि म्हटलं, “चिवट आहे हो एजंट!” आत्या म्हणाली, “टेबलवाला असंल.” आम्ही ताक प्यालो.

चारच्या सुमाराला चौथ्यांदा घंटा वाजली. आत्या पापड वाळत घालत होती, चिडूनच उठली. “किती डाव सांगू जी? घरी नाहीत म्हंजे नाहीत!” आणि रिसीव्हर जागेवर न ठेवता स्टुलावर आडवा टाकून दिला. “बोंब आता,” म्हणाली. तो तसाच दिवेलागणीपर्यंत पडून होता. त्या वेळात मी निबंधाच्या वह्या तपासल्या. घर कसं शांत होतं. ती शांतता मला फार आवडल्याचं आठवतं.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, दारात एक माणूस आला. धोतर, सदरा, डोक्याचा शेला काढून हातात घेतलेला. आत या म्हटलं तरी ओसरीवरच टेकला. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यानं पेला विसळून पालथा ठेवला. आत्या दाराशी येऊन उभी राहिली.

“बाई, मी सुखदेव. रेल्वेच्या फाटकापलीकडं, पाच-सा मैलावर कापसाचं जिन हाये, तिथं चौकीदार हावो. मले कालच्या बजारात समजलं, डॉक्टरसायब वारले म्हून. जिनातच ऱ्हायतो, गावात येनं होत नाही. नाईतं तेराव्याले आलो असतो.” तो खाली पाहत बोलत होता. “माह्या मोठ्या पोराले त्याइनंच वाचवलं होतं.”

आवाज मी ओळखला. आत्यानंही ओळखला, तिनं चौकट धरली.

“त्या दिवशी मी तुमाले चार डाव फोन करून तरास देल्ला,” सुखदेव म्हणाला. “जिनाच्या हापिसची किल्ली माह्याजवळ ऱ्हायते, म्हून तिथून करत होतो. मले मालूम असतं तं नसता देल्ला बाई. तुमाले काय वाटलं असंल.”

“कायले करून राहिले होते फोन?” आत्यानं विचारलं. चार वेळा जे विचारायचं राहिलं होतं, ते तिनं तेव्हा विचारलं.

“लहानीचा घसा धरला होता. पानी उतरे ना. डॉक्टरसायबाच्या हाताले गुन होता न बाई, आमाले दुसऱ्याचा लागू नाही पडत. म्हटलं सायब आले का नेतो. सायब घरी नसतानी तापल्या पोरीले एवढ्या उन्हाचं कायले न्यावं? सांजले निंगालो मंग, बंडीत घालून. फाटकापोवतर आलो.”

तो शेला डोक्याला गुंडाळून उठला आणि जाता जाता म्हणाला, “पोर काय, लहान होती. तुमचं दुख मोठं हाये, बाई.”

तो आमचं सांत्वन करायला आला होता. गेलाही तसाच.

मी ओसरीवर उभी राहून मोठमोठ्यानं रडले. आत्या रडली नाही. आत जाऊन तिनं फोनवरची झालर काढली, घडी करून फडताळात ठेवली आणि रिसीव्हर उचलला. मी मागेच उभी होते.

“बोला बाई, कुठं जोडू?” गवईंचा आवाज मला तिथवर ऐकू आला.

“कुठंई नाही. तुमालेच सांगाचं हाये. डॉक्टर वारले.”

गवईंना ते पौषापासून माहीत होतं. तरी ते आत्ताच कळल्यासारखे म्हणाले, “हो, बाई.”

त्या रात्री मी आत्याचे पाय धरले, म्हटलं, ते वाक्य माझं होतं. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. “शबद तुहा होता वं मंदे,” म्हणाली. “पन तोंड तं माहंच होतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या वहीतला कागद फाडून घेतला. गावातल्या चार डॉक्टरांची आणि सरकारी दवाखान्याची नावं, पत्ते, कोण केव्हा भेटतो, लहान मुलांचं कोण पाहतो, असं सगळं मोठ्या अक्षरात लिहून भाताच्या शितांनी तो फोनच्या वर भिंतीला चिकटवला. तेव्हापासून ते वाक्य सुरू झालं. “डॉक्टर वारले. तुमच्या घरी कोन आजारी हाये?” एजंट तर ‘वारले’ ऐकूनच गडबडत, आणि पुढचा प्रश्न आला की फोनच ठेवून देत. फोन मागणारा महाभागही एकदा ‘बायकोला कावीळ आहे’ म्हणून गेला. त्यालाही तिनं पत्ता दिला. संध्याकाळी गवईंना सांगून त्याचं घर जोडून घेतलं आणि विचारलं, “गेले होते काय? काय म्हनला डॉक्टर?”

म्हणजे वेळी-अवेळी लोकांना त्रास देणारा फोन आता आमच्याच घरून जाऊ लागला. चारही डॉक्टर तिला कंटाळले. एक जण तर माझ्यादेखत म्हणाले, “तुमच्या आत्याबाई पेशंटपेक्षा जास्त विचारतात.” मी घरी येऊन तिला सांगितलं. “विचाराले पैसे पडत नाहीत,” म्हणाली.

पण यानं काही फिटलं, असं कोणी समजू नये. ती समजत नव्हती. घंटा वाजली की ती न्हाणीतून ओल्या लुगड्यानं पळत यायची, घास तोंडात धरून यायची. तिसरी घंटा तिनं कधी होऊ दिली नाही. अमरावतीला माहेरी राहायला जाणं तिनं सोडलं. माझ्या लग्नाला आली ती सकाळच्या मोटारीनं, आणि अक्षता पडल्याबरोबर परतली. “घरी कोनी नाही,” एवढंच म्हणाली. दर पौषात ती डॉक्टरांचं श्राद्ध करी, आणि चैत्रात एक दिवस काही न बोलता उपास. त्या उपासाला आमच्या घरात नाव नव्हतं. मुलीचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. सुखदेवला विचारायचं राहिलं होतं, आणि पुढच्या हंगामात तो त्या जिनात नव्हता.

असं सहा वर्षं चाललं. मग एका जूनमध्ये आत्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात गाठ होती, फार दिवसांची. कागदावरच्या एकाही डॉक्टरला तिनं ती दाखवली नव्हती. लग्नानंतर मी दर महिन्याला अमरावतीहून यायची, तिच्या हातचं पिठलं खायची, तिच्या फोनची नक्कल तिलाच करून दाखवायची. आत्या, तुला काही होतंय का, हे मी एकदाही विचारलं नाही.

दवाखान्यातून आणून तिला बाहेर ठेवलं होतं, ओसरीवर, सुखदेव टेकला होता तिथंच. माणसं जमली होती, बांबू यायचे होते, आणि आत घंटा वाजायला लागली. वडील म्हणाले, “वाजू द्या. आता कोन उचलते?” दोन घंटा झाल्या. मी उठून आत गेले.

“बाई आहेत का?” एका बाईचा घाबरा आवाज. “जठारपेठेतल्या बाई? त्या सांगतात म्हणे, कुठं न्यायचं ते.”

माझ्या तोंडात पहिलं जे आलं, ते ‘घरी नाहीत’ हेच होतं. दातांपर्यंत आलं होतं.

“बाई वारल्या,” मी म्हटलं. “आज सकाळी. तुमच्याकडे कोण आजारी आहे?”

ती म्हणाली, मुलगा, चार वर्षांचा, कालपासून डोळे उघडत नाही. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. शाई पुसट झाली होती, पण अक्षर मोठं होतं. मी वाचायला लागले.

“हळू सांगा,” ती म्हणाली, “लिहून घेते.”

बाहेर मला हाका मारत होते. मी हळू सांगितलं.