आक्का आणि ताणावरची बाग

आक्का निवांत बसलेली मला आठवतच नाही. जेवायचीसुद्धा उभ्याने, एका हातावर भाकरी आणि दुसऱ्या हाताने कालवडीला हाकलणं चाललेलं. ती माझी आत्या, पण अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्हा सगळ्यांचीच ती आक्का. "बस की जरा," म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "बसले की अंगाला मुंग्या येत्यात." पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलीये, असं आई म्हणायची. त्यात निम्मं कौतुक असायचं आणि निम्मा वैताग.

झाडं एका जागी उभी असतात, हे तिला मुळीच मान्य नव्हतं. खिडकीतलं मिरचीचं रोप उजेडाकडे कललं की ती मुद्दाम कुंडी फिरवून ठेवायची आणि ते पुन्हा वळलं की पोर पहिल्यांदा चाललं असावं तशी खूश व्हायची. दोडक्याच्या वेलाला सुतळीने बांधायला गेलं तर हात धरायची. "काठी दाव फकस्त. धरल त्याचं त्ये." झाडं आपल्यासारखीच अस्वस्थ असतात, एवढाच तिचा आणि त्यांचा सोयरसंबंध असावा.

आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं, रान मुरमाड. नवरा गेल्यावर आक्का माहेरी आली ती कायमची, आणि त्याच पावसाळ्यात तिने तिथे डाळिंबाची कलमं लावली. खड्डे अण्णांनी खणले, पण प्रत्येक रोपाभोवतीची माती दाबली ती तिने. त्यामुळे बाग तिची, हे कुणी बोललं नाही तरी ठरलेलंच होतं.

आता डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. दिवाळी झाली की पाणी बंद. झाड तहानेने पिवळं पडतं, पानं टाकतं, आणि मग पाणी सोडलं की जिवाच्या आकांताने फुलतं. ताण मध्येच मोडला तर फूल विसरा, नुसती पालवी येते. आक्काला हे सगळं पाठ होतं. फक्त बघवत नव्हतं. त्या दिवसांत ती बांधावरून येरझारा घालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "मुकं हाय त्ये. मागनार कसं?"

एका वर्षी घराजवळच्या ओळींना पानंच पानं आली. अण्णांनी चौकशी मांडली. "म्या कुठं पानी घातलं? धुन्याभांड्याचं पानी फेकलं मोरीपाशी," आक्का म्हणाली. अण्णांनी कुदळ घेऊन उकरलं तर झाडांच्या बारीक पांढऱ्या मुळ्या मोरीच्या अंगाला पसरलेल्या. आक्का वाकून बघत राहिली. "आत्ता गं बया. वास काढत आल्याती की." तिचा चेहरा असा अभिमानाने फुललेला, की अण्णांना हसावं की रडावं कळेना.

पुढच्या वर्षी मात्र हद्द झाली. आम्ही सगळे पारनेरला लग्नाला गेलो आणि मागे तिने विहिरीवरची मोटार चालू करून सगळ्या बागेला पाणी सोडलं. बहार गेला. अण्णा ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. "आक्का, आता एकच साल. न्हाई फुललं तर जेसीबी लावून उपटतो आन् गुरांसाठी घास करतो." अण्णा बोलले की करतात.

त्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि आक्काने पिशवी भरली. श्रीरामपूरला तिची लेक सुमन असते, तिच्याकडे निघाली. "हितं ऱ्हायले तर माझं हात गप ऱ्हायाचं न्हाईत, शिवा," ती अण्णांना म्हणाली. रोज फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, थेट "पिवळी पडली का?" एकदा अण्णा म्हणाले, "गळाया लागली." "बरं झालं," आक्का म्हणाली आणि लगेच फोन ठेवला. तिकडे तिने गल्लीतल्या सगळ्या तुळशींना पाणी घालघालून त्या कुजवल्या, असं सुमन सांगायची.

बाग फुलली, वाचली. आक्का एसटीने आली ती पिशवी ओट्यावर टाकून तडक लाल कळ्यांमध्ये शिरली. तेव्हापासून दरवर्षी ती ताणाआधी जायची आणि फुलं लागली की यायची. मधल्या दिवसांत घर इतकं गप्प असायचं की मला तिथे करमत नसे. उगाचच आतबाहेर करत राहायचे.

गेल्या थंडीत ती तिकडेच वारली. सकाळी अंगण झाडताना पडली, एवढंच. श्रीरामपूरला तिला अग्नी देऊन आम्ही दुपारी परतलो. अण्णा घरात न येता सरळ विहिरीकडे चालू लागले. बाग अर्धी पिवळी होती. आई मागून म्हणाली, "अवो, ताण पुरा न्हाई झाला अजून."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मोटार चालू केली. ठिबकच्या नळ्यांतून पाणी पडायला लागलं तसे ते ओळीओळीने प्रत्येक झाडापाशी जाऊन बघत राहिले.

यंदा बागेत फूल असं आलंच नाही. नुसती हिरवीगार पालवी फुटली, आणि अण्णांनी ती कुणाला छाटू दिली नाही.