अक्षर सरजाचं, रेघ शाहिराची

मुखेडच्या सरजाबाई सोनकांबळे बावीस वर्षं शाहीर मारोती गजभारेंच्या मागे कोरसला उभ्या राहिल्या. शाहीर त्यांचा चुलतभाऊ. देगलूरपासून अहमदपूरपर्यंत एकही जयंती अशी गेली नाही की त्याचं भीमगीत कर्ण्यावर वाजलं नाही. कॅसेटच्या कव्हरवर त्याचा फोटो असे आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि साथी’. त्या साथींत सरजाबाई. शाहिराला जाऊन आता पंचवीस वर्षं होऊन गेली, बाकीचे साथीही एकेक करून गेले. उरल्या त्या एकट्या.

म्हणून तर लातूरच्या सर्वेश सरांना त्यांची आठवण झाली. सरांनी जुन्या कॅसेटींचं प्रदर्शन भरवलं होतं आणि शाहिराच्या सहीच्या बारा कॅसेटी कुणाकडून तरी नव्यानेच मिळवल्या होत्या. सह्या खऱ्या आहेत, एवढं सरजाबाईंनी लिहून द्यायचं होतं. सर गाडी पाठवत होते. बाईंनी ‘येष्टी कुठं मेली हाय का’ म्हणून ती नाकारली. सोबत शाहिराची मुलगी मनिषा होती, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका.

काचेच्या पेटीवर पाटी होती : ‘शाहिरांचं मोत्यासारखं अक्षर’. ती वाचून सरजाबाई अशा हसल्या की चार माणसं वळून पाहू लागली.

“पेटी उघडा, सर.”

एकेक कव्हर त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. अक्षरं हुबेहूब उतरवली होती, लबाडाच्या हाताला दाद द्यावी अशी. मग त्यांनी नावाखालची रेघ पाहिली आणि बाराच्या बारा कव्हरं टेबलावर ठेवून दिली.

“खोट्या हायत. सगळ्या.”

सरांचा चेहरा उतरला. “कशावरून, मावशी?”

“ही रेघ बघा. बॉलपेन टेकलं तिथं शाईचा ठिपका हाय, डाव्या अंगाला. तिथून वढत नेली उजवीकडं. मारोतीदादा डावखुरा. त्याची रेघ शेवटच्या अक्षराखालून निघायची आन् पहिल्या अक्षराखाली बारीक व्हत विरायची. बावीस वर्षं बघितली म्या.”

“पण अक्षर तर त्यांचंच वाटतं.”

“त्याचं कुठलं? अक्षर माझं हाय.”

मनिषाने त्यांचा दंड घट्ट धरला. “आत्या, चला. गाडीची वेळ झाली.”

पण सरजाबाई एकदा उभ्या राहिल्या की राहिल्या. कार्यक्रम संपला की लोक कॅसेट घेऊन येत. शाहीर आधी गाव विचारी, घरचं खुशाल विचारी, मग कॅसेट सरजाबाईंकडे सरकवी. त्या शाहिराचं नाव लिहीत आणि खाली तो आपल्या हाताने रेघ ओढी. अक्षर सरजाचं, रेघ माझी, असं तो सगळ्यांदेखत सांगे. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, सही घेणाऱ्यालाही नाही.

सरांनी आवाज खाली आणला. “मावशी, हे बाहेर गेलं तर खऱ्या सह्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. शाहिरांच्या नावाला बट्टा लागेल. तुम्ही फक्त ‘नीट सांगता येत नाही’ असं लिहा.”

“लई सांगता येतंय की!”

आता मनिषाच रडकुंडीला आली. “आत्या, मी पोरांना अक्षरं शिकवते. बाबा अडाणी होते हे आता साऱ्या जगाला सांगायचं का?”

सरजाबाईंना राग आला, आणि तो लपवण्याची त्यांना सवय नव्हती.

“अडाणी? तीनशे गाणी त्याच्या तोंडात व्हती, त्यातली निम्मी त्यानं सोता रचलेली. शाळेत गेला तवा बाहेर पायरीवर बसवला, पाटीला हात लावू दिला न्हाई. दुसऱ्या दिवसापसून ढोरामागं गेला. मी बारा वर्षांनी धाकटी, माझ्या वक्ताला दार उघडलं, म्हणून मला चार अक्षरं आली. पायरीवर ज्यांनी बसवलं त्यांनी लाजावं. आपण कामून लाजायचं गं?”

सरांनी कागद पुढे केला. सरजाबाई खुर्चीवर टेकल्या आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहू लागल्या : ‘या सह्या खोट्या आहेत. खऱ्या सह्यांतली अक्षरं मी काढली, रेघ शाहिराने ओढली.’ खाली पूर्ण नाव घातलं, सरजाबाई किसन सोनकांबळे. दुसऱ्याच्या नावाने शेकडो सह्या केलेल्या बाईने स्वतःचं नाव एकदा वाचून पाहिलं.

सरांनी कागद घ्यायला हात पुढे केला, पण मनिषाने तो आधी उचलला. तिने तो दोनदा वाचला. मग आत्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्याच कागदावर, वर्गातल्या फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत लिहिलं : ‘माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. मनिषा मारोती गजभारे, शिक्षिका.’

“आता लावा हे पेटीत,” ती सरांना म्हणाली.